रकाना क्रमांक नऊ

हिंगोली
१२ जानेवारी २०२५

चि. मिना,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. नागपूरचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, शितलकडून घेतला. तिला रागावू नकोस. मी मागितला, आणि मला नाही म्हणणं तिला शाळेत असल्यापासून जमलेलं नाही.

कामाचं आधी. मालधक्क्यामागच्या तुमच्या वस्तीचा आराखडा मंगळवारी घरकुल योजनेच्या कार्यालयाबाहेर लागला. अठ्ठ्याऐंशी घरं आता आहेत त्याच जागेवर बांधायची नाहीत, असं ठरलं आहे. नरसीच्या रस्त्याला, गावापासून सात किलोमीटरवर, चार मजली इमारती होणार. वस्तीच्या जागेवर दुकानं आणि वाहनतळ. घर पक्कं मिळेल, नळ आणि संडास आत असेल, आणि ते तुझ्या आईच्या नावावर असेल. हे चांगलं आहे, ते मी नाकारत नाही.

पण तिचं हळदीचं काम तिथे होणार नाही. आज पुनमचंदशेठचा हातगाडा मोंढ्यातून पाच मिनिटांत तुमच्या दारात येतो. सकाळी पोतं उतरवतो. ती दारापुढच्या मोकळ्या जागेत लांब हळकुंडं आणि गोल गट्टू वेगळे करते, किडकं बाजूला काढते, आणि संध्याकाळी पोतं परत जातं. सात किलोमीटरवर हातगाडा जाणार नाही. गेला तरी क्विंटलभराचं पोतं जिन्याने वर कोण नेणार? आणि वर अंगण कुठून आणणार?

मी तिला फलकापाशी घेऊन गेले आणि सगळं वाचून दाखवलं. तिने पहिलं विचारलं, "बाई, आमचं नाव हाय ना त्यात?"

"आहे. तेहतिसावं."

"मंग बराबर हाय."

"काय बराबर आहे, अनुसयाबाई? वरच्या मजल्यावर पोतं कसं न्याल?"

"दोर बांधून वढू की. विहिरीतून पाणी काढत न्हाई का?" असं म्हणून ती हसली. बरोबरच्या बायाही हसल्या. रस्त्याने येताना मात्र दिसेल त्या इमारतीचे मजले ती बोटांवर मोजत होती.

तुझा भाऊ विकास खूश आहे. इमारतीच्या कामावर वस्तीतली दहा माणसं घ्यायची असं आराखड्यात लिहिलं आहे. मला म्हणाला, "बाई, तुमी काहून तकलीफ घेऊन राहिल्या? मला सुपरवायझर करून राहिले तिथं." मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाला, ठेकेदाराने. मी विचारलं, लेखी? त्यावर तो मोबाइल बघू लागला.

हरकती द्यायला तीस दिवस आहेत. तू याच विषयात शिकलीस, दुसऱ्या शहरांचे आराखडे करतेस. हरकत कशी मांडली म्हणजे ती टिकते, एवढंच कळव. आराखड्यात जागा बदलण्याची काही कारणं दिली आहेत. ती फार मोठी नाहीत.

आशीर्वाद.
नीलांबरी पाठक


२७ जानेवारी २०२५

चि. मिना,

पत्र पोचल्याची पावती माझ्याकडे आली आहे, त्यावर तुझी सही आहे. उत्तर नाही. ठीक आहे.

कारण मोठं नाही असं मी लिहिलं होतं. ते तसं नाही. आराखड्याच्या चौदाव्या पानावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवते : "वस्तीतील सर्व ८८ कुटुंबांतील स्त्रिया गृहिणी असून जागेशी निगडित व्यवसाय आढळत नाही, सबब स्थलांतरास अडचण नाही." या योजनेचा नियम असा आहे की निम्म्याहून अधिक कुटुंबांचं पोट त्या जागेवर अवलंबून असेल, तर घरं तिथेच बांधायची आणि कामासाठी सामायिक ओटाही द्यायचा. म्हणजे सगळं या एका वाक्यावर उभं आहे. माहिती चुकीची गोळा झाली.

तेव्हा पुरावा हवा. मी पुनमचंदशेठकडे गेले. एवढंच हवं होतं की या बाया वर्षानुवर्षं माझी हळद निवडतात, असं त्याने एका कागदावर लिहून द्यावं. त्याने खुर्ची पुसून दिली. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता.

"बाई, चहा घ्या. लिहून नका मागू."

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे, तेच तर वाईट आहे! उद्या लेबरवाला येईल. किती बाया, किती वर्षं, पीएफ कुठं, हजेरी कुठं. कागदावर मी ह्या बायांना ओळखतच नाही."

"आणि तोंडी?"

"तोंडी तर अनुसयाबाई माझ्या बहिणीसारखी आहे, बाई."

मी चहा घेतला नाही. बाहेर आले तर त्याच्या गोदामासमोर तुझे वडील, गुलाबचंद, पोतं पाठीवर घेऊन उभे होते. मला पाहून त्यांनी ते खाली ठेवलं, नमस्कार केला, आणि परत उचलायला त्यांना दोन माणसं लागली.  

हरकत मी लिहिली आहे. तुझी वाट पाहिली असती, पण दिवस जात आहेत.

नीलांबरी पाठक


९ फेब्रुवारी २०२५

चि. मिना,

मागच्या पत्रात मी लिहिलं, माहिती चुकीची गोळा झाली. हे वाक्य विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ मारून विचारलं असतं, कुणी केली?

माहिती मी गोळा केली. तुला ते माहीत आहे, आणि म्हणूनच तू उत्तर देत नाहीस. पण मी ते एकदा स्वतःच्या हाताने लिहायला हवं.

एप्रिल २०२३. मी रहिवासी समितीवर होते. निवृत्त मुख्याध्यापिका, गावात सगळे ओळखतात, म्हणून सर्वेक्षणाचे अर्ज माझ्याकडे दिले. अठ्ठ्याऐंशी अर्ज मी दोन दिवसांत पूर्ण केले. एकही खाडाखोड नव्हती. कार्यालयातल्या साहेबांनी ते दुसऱ्या वस्त्यांतल्या लोकांना नमुना म्हणून दाखवले, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

रकाना क्रमांक नऊ, व्यवसाय. मी प्रत्येक बाईला विचारलं, तुम्ही काय काम करता? प्रत्येकीने तेच उत्तर दिलं. "आमी काय करणार बाई? घरीच असतो." त्यांच्या लेखी काम म्हणजे घराबाहेर जाऊन करायचं ते. स्वतःच्या दारात बसून हळद निवडणं हे काम आहे, असं त्यांना कधी कुणी म्हटलेलंच नव्हतं. शिवाय कमाई सांगितली की रेशनचं नाव कापतात, ही भीती. शेजारी नवरे उभे, ती वेगळी. हे सगळं मला त्या वेळी कळत होतं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

तुझ्या आईचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिने पाणी आणलं, मी तहान नाही म्हटलं. मग मी "गृहिणी" असं लिहिलं आणि पुढच्या दारात गेले. विचारलेल्या प्रश्नाचं मिळालेलं उत्तर लिहायचं, स्वतःचं मत घालायचं नाही, असं मी एकतीस वर्षं शिकवत आले होते.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाई, त्या सांगणार नाहीत. तुम्ही डोळ्यांनी बघा आणि लिहा. याच रकान्यावर पुढे जागा ठरते." तू माझ्याशी इतक्या ठामपणे कधी बोलली नव्हतीस. मी म्हणाले, मला फॉर्म भरायला शिकवू नकोस. आणि मग म्हणाले, "अंगठा लावणाऱ्यांच्या घरातून तुला मी बाहेर काढलं, हे विसरू नकोस."

तू "बरं बाई" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्याला पावणेदोन वर्षं झाली.

मी क्षमा मागायला हे लिहीत नाही. क्षमेने रकाना बदलत नाही. सुनावणी वीस तारखेला आहे. मी तिथे हेच सांगणार आहे.

नीलांबरी पाठक


२६ फेब्रुवारी २०२५

चि. मिना,

सुनावणी झाली. अधिकारी तरुण होता, तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. त्याने तुझ्या आईचा अर्ज समोर धरला.

"मॅडम, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग हरकत कुणावर घेता? स्वतःवरच?"

"हो."

मागच्या बाकावरची माणसं हसली. तो हसला नाही. त्याने पानं उलटली. मग म्हणाला, नुसत्या तुमच्या शब्दावर मला आराखडा मागे घेता येणार नाही, पण फक्त रकाना नऊची फेरतपासणी करता येईल. त्यासाठी १५ एप्रिल ठरली. नवा माणूस येईल, घरोघर विचारेल. जिने पहिली नोंद केली, तिने त्या वेळी वस्तीत थांबायचं नाही. निम्म्याहून एक जरी जास्त निघाली, तर आराखडा परत जाईल आणि घरं ओट्यासकट तिथेच होतील. पंचेचाळीस बायांनी एक वाक्य बोलायचं आहे. पंचेचाळीस!

एप्रिल म्हणजे हंगाम. दारोदार पोती असतील. खोटं ठरवणं कुणाला शक्य नाही.

मी त्याच संध्याकाळी वस्तीत गेले. तुझ्या घरात बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं तुझी आई म्हणाली. मी मोजलं नव्हतं, पण बरोबर असेल. दहा-पंधरा बाया जमल्या. मी तपासणीचा माणूस झाले आणि एकेकीला विचारत गेले.

"काय काम करता?"

"हळद निवडतो."

"मोठ्याने."

"हळद निवडतो, बाई!"

"किती वर्षांपासून?"

"लगीन होऊन आले तवापासून."

शेजारच्या सेवाची बायको म्हणाली, "बाई, पास का नापास ते सांगा, मंग मी भाकरी टाकायला जाते." सगळ्या इतक्या हसल्या की विकास बाहेरून डोकावून गेला. तो आता साइटवर आहे. सुपरवायझर नाही, सिमेंटच्या पोत्यांवर राखण करतो. त्याने स्वतः सांगितलं नाही. तुझ्या आईने सांगितलं.

तिने चहा दिला, मी घेतला. सुनावणीत काय झालं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. बराच वेळ बोलणं झालं, ते सगळं लिहीत बसत नाही.

मिना, या वेळी होईल असं वाटतं.

नीलांबरी पाठक


१८ एप्रिल २०२५

चि. मिना,

झालं नाही.

पंधरा तारखेला मी सकाळपासून रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसले होते, कारण वस्तीत थांबायची मला मनाई होती. तिथून मालधक्क्याकडची वाट दिसते. दुपारी एकच्या सुमारास तपासणीचा मुलगा बाहेर पडला. योगेश नाव. हातात टॅब. मी त्याला गाठलं.

"झालं मॅडम. सगळ्या गृहिणीच निघाल्या."

"सगळ्या?"

"चौऱ्याऐंशी. तिघींच्या घराला कुलूप होतं. एक म्हातारी म्हणाली, हळद निवडते. तिची सून म्हणाली, सासूबाईंना भ्रम होतो."

"हात बघितलेस त्यांचे?"

"बघितले ना. विचारलंसुद्धा. म्हणाल्या, घरात लग्न आहे, हळदीचा कार्यक्रम झाला. मॅडम, चौऱ्याऐंशी घरांत एकाच दिवशी लग्न! मी हसलो, त्यापण हसल्या. पण मी त्यांचं उत्तरच लिहिणार. मत घालायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

मी वस्तीत गेले. दारापुढची जागा झाडून स्वच्छ केलेली. पोती घरात, गोधड्यांखाली. त्यांवर लेकरं बसवलेली. हवेत हळदीची धूळ इतकी की मला ठसका लागला. मी तुझ्या आईला तिच्या दारात उभं राहून जोराने विचारलं, हे काय केलंत तुम्ही?

"केलं ते केलं."

"का पण? मी शिकवलं होतं ना तुम्हाला?"

"काहून म्हंजे? आमी हळद निवडतो म्हणलो, तं तुमी लिवलेलं खोटं व्हतं. खोटं लिवलं म्हणून तुमची पेन्शन बंद करून राहिले म्हणे. आत टाकतील म्हणे तुमाला. या वयात."

"कोण म्हणालं असं?"

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाकीच्या बाया खाली बघू लागल्या. सेवाची बायको पुटपुटली, "आमच्या पोरींला शाळेत घातलं तुमी. तुमचं नाव आमच्यापाई खराब व्हावं काय? एवढं न्हाई जमत आमाला."

मी घरी आले. कोण म्हणालं ते मला वाटेत आठवलं.

मीच. फेब्रुवारीत, तुझ्या घरात, चहा पिताना. सुनावणीचं सांगून झालं आणि बाया गप्प झाल्या, म्हणून मी म्हणाले, "बघा हं, आता माझं अक्षर खोटं ठरलं की पेन्शन बंद करून मलाच आत टाकतील." मी चेष्टा केली होती. एकतीस वर्षांत माझ्या तोंडून त्या वस्तीत कुणी चेष्टा ऐकलेली नव्हती. त्यांनी ती खरी धरली, आणि जवळजवळ दोन महिने आपसात ठरवत राहिल्या. मला कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील? बाई खोटं बोलत नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं. आता तिसऱ्यांदा मी कोणत्या नियमाने विचारू?" असा नियम मला सापडला नाही. तुला माहीत असेल तर तार कर, असं पूर्वी लिहिलं असतं. आता तारही नाही.

बोलणं झालं ते सगळं लिहीत बसत नाही, असं मी फेब्रुवारीच्या पत्रात लिहिलं होतं. राहिलेलं ते हे.

नीलांबरी पाठक


११ मे २०२५

चि. मिना,

आता विचारायचं काही उरलेलं नाही. झालं ते कळवते.

अंतिम यादीबरोबर रहिवासी समितीचा ठराव लागतो. त्यात एक वाक्य आहे : "सर्व रहिवाशांशी विचारविनिमय करून व त्यांच्या पूर्ण सहभागाने आराखडा निश्चित करण्यात आला." समितीत आम्ही पाच जण. चौघांनी पहिल्याच दिवशी सही केली. माझी राहिली होती. पाचही सह्या दहा तारखेच्या आत गेल्या नाहीत, तर निधी दुसऱ्या गावाला जाणार, आणि मग नरसी रस्त्याचीही घरं नाहीत, इथलीही नाहीत.

मी चार दिवस सही केली नाही. कार्यालयातून तीनदा फोन आला. समितीतले भागवतराव घरी येऊन म्हणाले, "बाई, तुमचं तत्त्व तुम्हाला लखलाभ, पण अठ्ठ्याऐंशी कुटुंबांना त्याची शिक्षा का?" मी त्यांना जायला सांगितलं. ते चुकीचं बोलत नव्हते.

शुक्रवारी तुझी आई आली. पायरीवरच बसली, मी आत बोलावलं तरी आली नाही. चिठ्ठ्या काढून घरं वाटली होती, तिला तिसरा मजला आला आहे. खोली क्रमांक मला सांगू लागली, पण तिला तो नीट आठवत नव्हता. पुनमचंदशेठने पुढच्या हंगामाची पोती मोंढ्यापलीकडच्या दुसऱ्या गल्लीत द्यायचं ठरवलं आहे, हेही तिनेच सांगितलं. रागाने नाही. "त्याचा तरी काय इलाज? जवळ पडलं पाहिजे."

मग म्हणाली, "बाई, सही करून टाका. न्हाईतर हेबी जाईल. पत्र्याखाली लेकरं भाजून राहिले."

"अनुसयाबाई, तिथे वर दिवसभर तुम्ही काय कराल?"

"तेच म्या तुमाला विचारणार व्हते," ती म्हणाली.

 कागद आत टेबलावर होता. मी तो आणला आणि तिच्यासमोर, पायरीवर बसून, सही केली. वाक्य खोटं आहे हे माहीत असताना केली. पहिल्या वेळी निदान मला ते खरं आहे असं स्वतःला पटवता आलं होतं.

तिने कागद उचलला, शाई वाळली का ते बोटाने पाहिलं, आणि विकासबरोबर कार्यालयात पोचवला.

शितल म्हणाली, तू काल आईला फोन केला होतास. विचारलंस, बाईंनी सही केली का? आणि आई म्हणाली, मला काय ठावं, मला कुठं वाचता येतं.

ती माझ्या समोर बसली होती, मिना. शाई ओली असताना तिने कागद हातात धरला होता. तुझ्यापाशी माझं नाव राहावं म्हणून ती तुझ्याशी खोटं बोलली. तिचं घर गेलं तेही असंच.

सही मी केली. यापुढे माझ्याबद्दल तिला काही विचारू नकोस. मला विचार, आणि हवं ते बोल. मी फोन उचलेन.

नीलांबरी पाठक